दात लांब होत नाहीत

वर्धा शहराला लागूनच सावंगी (मेघे) हे गाव आहे. १९९१ साली येथे शरद पवार दंत महाविद्यालय सुरू झाले. कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसले, तर एक तक्रार हमखास कानावर पडते. वऱ्हाडी बोलीत ती साधारण अशी असते : “डाक्तरसाहेब, दात लांब झाले जी. थंड पाणी लागलं का झिणझिण्या येतात.” सांगणारा चाळिशीचा शेतकरी असेल, खेड्यातली आजी असेल, नाही तर दिवसातून तीन वेळा दात घासणारे एखादे गुरुजीही असतील.

दात खरेच लांब होतात का? माणसाचे दात काही उंदराचे नव्हेत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, आपले वाढत नाहीत. पाणी ओसरले की नदीकाठचा खडक उंच दिसू लागतो, तसाच हा प्रकार आहे. खडक असतो तिथेच आणि तेवढाच, खाली जाते ते पाणी. दाताच्या बाबतीत मागे सरते ती हिरडी.

हिरडी मागे का सरते? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. वाटेत काही चुकीची उत्तरेही मिळाली आणि त्यांची किंमत लाखो दातांनी मोजली. त्यातले एक चुकीचे उत्तर आजही आपल्या घराघरांत आणि शाळाशाळांत दिले जाते, म्हणून हा इतिहास शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

हिरडीच्या आत काय असते?

इतिहासाकडे वळण्याआधी थोडी रचना समजून घेऊ. दाताचा जो भाग तोंडात दिसतो, त्यावर एनॅमलचे आवरण असते. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते. मुळावर मात्र एनॅमल नसते. तिथे सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली डेंटिन. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची जाळी असते. त्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. या सगळ्यावर पांघरुणासारखी असते ती हिरडी.

निरोगी हिरडीची कड एनॅमल आणि मूळ यांच्या सांध्यापाशी असते. ती या सांध्याच्या खाली सरकली की मूळ उघडे पडते. डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नलिका असतात व त्यांत द्रव असतो. मुळावरचा पातळ थर झिजला की नलिकांची तोंडे उघडी पडतात. थंड पाणी किंवा वारा लागला की आतला द्रव हलतो आणि दाताच्या गाभ्यातल्या मज्जातंतूंना ते जाणवते. झिणझिण्या येतात त्या अशा. उघडे मूळ एनॅमलपेक्षा मऊ असल्याने ते लवकर झिजते आणि तिथे कीडही लवकर लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू. हिरडीला स्वतःची उंची नसते. ती खालच्या हाडाच्या आधाराने उभी असते. हाड खाली गेले की आज ना उद्या हिरडीही त्याच्यामागे खाली जाते. म्हणून हिरडी का सरते हा प्रश्न पुष्कळदा हाड का झिजते असा असतो.

सुश्रुताची यादी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात मुखाचे पासष्ट रोग सांगितले असून त्यांपैकी पंधरा दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. ही यादी वाचताना जुन्या वैद्यांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटते. शीतादात हिरड्यांतून अकारण रक्त येते, त्यांना दुर्गंधी येते, त्या मऊ पडतात आणि झडू लागतात. दंतवेष्टात पू आणि रक्त वाहते व दात हलू लागतात. परिदरात हिरडीचे मांस गळून पडते आणि रोगी रक्त थुंकतो. आजचा दंतवैद्य ज्या अवस्था रोज पाहतो, त्यांची ही शब्दचित्रेच आहेत.

या यादीत एका रोगाचे नाव आहे ‘वैदर्भ’. नाव वाचून विदर्भातल्या वाचकाचे कान टवकारतील. पण नावापेक्षा वर्णन महत्त्वाचे आहे. हिरड्या घासल्या गेल्याने त्यांना मोठी सूज येते, दात हलू लागतात आणि हा रोग आघातामुळे होतो, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे हिरडीचे काही रोग आतल्या बिघाडाने होतात, तर काही बाहेरच्या घर्षणाने, हा भेद त्या काळीही केला गेला होता. पुढच्या गोष्टीत हा भेद पुन्हा भेटणार आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दात घासण्याचा नियम दिला आहे. काडीचे टोक चेचून मऊ करावे, ती तुरट, तिखट वा कडू चवीची असावी, दिवसातून दोन वेळा वापरावी. आणि त्यालाच जोडून अट आहे की, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. दातून वापरण्याचा पहिला भाग आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला. अट मात्र विसरलो.

दातांवरचे प्राणी

निरीक्षण एक आणि कारण दुसरे. हिरडीच्या रोगाचे कारण डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते प्रथम पाहिले हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हान लेव्हेनहुक या कापड-व्यापाऱ्याने. स्वतः घासलेल्या भिंगातून तो हाती लागेल ती वस्तू पाहत असे. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की, दातांच्या फटींत साचलेल्या पांढऱ्या लगद्यात असंख्य जिवंत प्राणी हालचाल करताना दिसतात. तो स्वतः दात नियमित मिठाने घाशी, तरीही लगदा होताच. व्हिनेगार या प्राण्यांना मारते का हेही त्याने पाहिले. लगद्याच्या बाहेरचे मेले, पण आतल्या भागापर्यंत व्हिनेगार पोचले नाही, असे त्याच्या ध्यानात आले.

या बारीकशा निरीक्षणात आजचे एक मोठे सत्य दडलेले आहे. दातावरचे जिवाणू सुटे नसतात. ते एकमेकांना आणि दाताला चिकटून एक थर तयार करतात. या थराला दंतवैद्य ‘प्लाक’ म्हणतात. गुळण्या केल्याने हा थर निघत नाही. वाहत्या पाण्याखाली धरलेल्या दगडावरचे शेवाळ जसे पाण्याने निघत नाही, घासावेच लागते, तसेच हे आहे. थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा कडक होतो. ते कीटण. मग ते घरच्या ब्रशने निघत नाही.

पण लेव्हेनहुकच्या प्राण्यांचा आणि हिरडीच्या रोगाचा संबंध जोडायला पुढची जवळजवळ तीनशे वर्षे गेली.

उपटून टाका!

१७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि दंतवैद्यक हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहू लागले. पुढचे नाव अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या जॉन रिग्जचे. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला आणि त्याला वेदना झाल्या नाहीत. भूल देण्याच्या इतिहासातला हा मोठा दिवस. त्या दिवशी वेल्सचा दात काढणारा हात रिग्जचा होता. या रिग्जने पुढे दात काढण्याऐवजी वाचवण्याचा ध्यास घेतला. हिरड्यांतून पू येणे आणि हाड झिजणे याचे मूळ दातांवरच्या घाणीत व कीटणात आहे, ती नीट खरवडून काढली तर रोग आटोक्यात येतो, असे तो सांगत राहिला. १८७६ साली त्याने आपले म्हणणे लेखरूपाने मांडले. अमेरिकेत या रोगाला बरीच वर्षे ‘रिग्जचा रोग’ म्हणत. आपल्याकडे रूढ झाले ते दुसरे नाव, पायोरिया. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पू वाहणे.

रिग्जची दिशा बरोबर होती. पण मध्येच एक वादळ आले. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातल्या माँट्रियल येथे भाषण केले. तोंडातला जंतुसंसर्ग संधिवातापासून पांडुरोगापर्यंत अनेक व्याधींना कारण होतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यात तथ्यांश असला तरी पुरावा अपुरा होता. ती कल्पना मात्र वणव्यासारखी पसरली. पायोरिया झाला की दात उपटायचे, आणि कधी कधी चांगले दातही खबरदारी म्हणून उपटायचे, अशी लाट पाश्चात्त्य जगात दोन-तीन दशके चालली. व्याधी मात्र बहुतेकांच्या गेल्या नाहीत. गेले ते दात.

भारतात या काळात दंतवैद्य फारच थोडे होते. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. दंतवैद्यांची नोंदणी व शिक्षण यांसाठीचा कायदा झाला १९४८ साली. विदर्भात नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली उभे राहिले. तोवर आणि त्यानंतरही खेड्यात हलणारा दात म्हणजे दोरा बांधून ओढायचा किंवा जाणत्याकडून काढून घ्यायचा दात. ‘वय झाले की दात जाणारच’ ही समजूत याच परिस्थितीतून पक्की झाली. पाश्चात्त्य दंतवैद्याने शास्त्राच्या नावाने दात उपटले, आपण नशिबाच्या नावाने उपटले, एवढाच फरक.

आऱ्हुसचे बारा जण

घाणीमुळे हिरड्या बिघडतात असे अनेकांनी म्हटले होते, पण म्हणणे आणि सिद्ध करणे यांत अंतर असते. वयामुळे, आहारामुळे किंवा आनुवंशिकतेमुळे त्या बिघडत नसतील कशावरून? याचा निर्णय एका अगदी साध्या प्रयोगाने लागला.

डेन्मार्कमधल्या आऱ्हुस येथील दंत महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांचे बारा जण निवडले, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यांनी दात घासणे पूर्णपणे थांबवायचे. थराची आणि हिरडीची तपासणी व्हायची. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात स्वच्छ करायला सुरुवात केली. साधारण आठवड्याभरात सर्वांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग मुद्दाम पाहावा. कारण लावले, परिणाम दिसला. कारण काढून घेतले, परिणाम गेला. तीच माणसे, तेच अन्न, तेच वय. बदलली ती एकच गोष्ट. याहून नेटका प्रयोग सापडणे कठीण.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. दात घासताना रक्त आले की आपण काय सांगतो? “तिथे घासू नकोस, जखम होईल.” ज्या जागी थर साचून हिरडी सुजली आहे, नेमकी तीच जागा आपण न घासता सोडतो. थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढते. सुरुवातीची सूज उलट फिरवता येते, हे आऱ्हुसने दाखवले. पण ती वर्षानुवर्षे राहिली तर सूज खोल उतरते. तिच्याशी लढताना शरीराचीच संरक्षणव्यवस्था तंतू आणि हाड विरघळवू लागते. दात व हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो. एकदा गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

चहाचा मळा आणि विद्यापीठ

कोडे सुटले असे वाटले. घाण साचली की हिरडी सरते, स्वच्छ राहिले की सरत नाही. पण थांबा.

ल्यो आणि सहकाऱ्यांनीच पुढे एक लांबलचक अभ्यास केला. १९६९ साली नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातले ५६५ विद्यार्थी व विद्यापीठीय पुरुष त्यांनी निवडले. हे लोक रोज ब्रश करणारे आणि लहानपणापासून दंतवैद्याकडे जाणारे. १९७० साली श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० पुरुष मजूर निवडले. यांना ना ब्रशची सवय, ना दंतवैद्याची सोय. दोन्ही गटांची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासणी केली.

हाड आणि तंतू यांचा आधार सुटण्याचा वेग नॉर्वेत वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर होता, तर श्रीलंकेत त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे अपेक्षितच होते. पण मजूर सगळे सारखे नव्हते. साधारण ८ टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे तो गेलाच नाही. म्हणजे थर हे कारण खरे, पण प्रत्येक शरीर त्याला सारखे उत्तर देत नाही.

खरा धक्का १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या भागात होता. त्यात फक्त हिरड्या सरण्याचा विचार केला होता. स्वच्छ दातांच्या नॉर्वेजियन तरुणांत विसाव्या वर्षीच सुमारे ६० टक्क्यांच्या हिरड्या कुठे ना कुठे सरलेल्या होत्या! पन्नाशीत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. श्रीलंकेच्या मजुरांत वीस वर्षांखाली ते ३० टक्क्यांहून थोडे अधिक होते, तिसाव्या वर्षी ९० टक्के झाले आणि चाळिशीत शंभर.

घासणाऱ्यांच्या सरतात, न घासणाऱ्यांच्याही सरतात. मग खरे काय? उत्तर जागेत आहे. नॉर्वेच्या तरुणांत हिरडी सरली होती ती दातांच्या गालाकडच्या बाजूला, जिथे ब्रश सर्वांत जोरात फिरतो. श्रीलंकेच्या मजुरांत ती गालाकडे, जिभेकडे आणि दोन दातांमधल्या फटीतही सरली होती, म्हणजे जिथे जिथे थर साचतो तिथे. लक्षण एक, वाटा दोन. एक आतल्या सुजेची, दुसरी बाहेरच्या घर्षणाची. सुश्रुताच्या यादीतला भेद आकड्यांनिशी पुन्हा समोर आला.

या अभ्यासाबद्दल एक अस्वस्थ करणारी गोष्टही सांगायला हवी. पंधरा वर्षे मजुरांचे दात मोजले गेले, पण त्यांना प्रतिबंधाची वा उपचाराची सोय मिळालेली नव्हती. म्हणूनच तो रोगाची ‘नैसर्गिक वाटचाल’ दाखवणारा अभ्यास ठरला. ज्ञान मोलाचे मिळाले, पण ते कोणाच्या दातांवर? हा प्रश्न वरच्या वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

ब्रशचा दोष की हाताचा?

नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला. त्याआधी डुकराचे केस वापरत. पहिले नायलॉन फार ताठ होते, मऊ केस १९५० च्या सुमारास आले. चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली ब्रश करण्याची एक पद्धत मांडली. मऊ, गोल टोकांचे केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवायचे, सुमारे ४५ अंशांत. मग जागच्या जागी हलके हलवायचे. ताकद लावायची नाही. करवतीसारखे आडवे ओढायचे नाही.

आपण नेमके उलटे करतो. पितळी भांडे चिंचेने घासावे तसा दात घासतो. त्यातही काही जणांचे हाड मुळातच दाताच्या बाहेरच्या बाजूला कागदासारखे पातळ असते, विशेषतः सुळ्यांवर आणि रांगेच्या बाहेर आलेल्या दातांवर. अशा ठिकाणी हिरडी लवकर हार मानते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची डावी बाजू बहुधा अधिक झिजलेली असते, कारण तिथे हाताचा जोर नीट लागतो.

राखुंडी, कोळसा, विटकरीची भुकटी, जाड मीठ यांनी बोटाने घासणाऱ्यांचेही असेच होते. दात पांढरे दिसतात खरे, कारण खरखरीत कण वरचा थर खरवडतात. पण हिरडी आणि उघडे मूळ हेही त्याच कणांखाली येतात.

पुन्हा वर्ध्याकडे

सावंगीपासून सेवाग्राम जवळच. १९३६ पासून गांधीजी तिथे राहू लागले. काकासाहेब कालेलकरांनी १९३० सालची येरवडा तुरुंगातली एक आठवण सांगितली आहे. दातून वापरून झाले की पूर्ण काडी फेकायची नाही, चेचलेला तुकडा कापून उरलेली काडी दुसऱ्या दिवशी वापरायची, असा गांधीजींचा आग्रह होता. आवारात कडुनिंब भरपूर असला तरी! काटकसरीचा हा धडा प्रसिद्ध आहे. पण एवढे दातून करणाऱ्या गांधीजींनाही उतारवयात कवळी वापरावी लागली, हेही तितकेच खरे. दातून वाईट नव्हे. मात्र ते दोन दातांमधल्या फटीत सहज पोचत नाही, आणि जोरात घासले तर हिरडी सोलते. साधन कोणतेही असो, थर निघाला का आणि हिरडी वाचली का, हे दोनच प्रश्न विचारायचे.

विदर्भात आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे तंबाखू. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून मशेरी करतात. आपल्याकडे तपकीर किंवा नस हिरड्यांवर घासण्याची सवय अनेक आज्यांना आहे, आणि खर्रा तर शाळेच्या फाटकापर्यंत आलेला आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी चुना लावून घोटलेल्या सुपारी-तंबाखूची सवय सुटलेली नाही. ज्या जागी तंबाखूची गोळी धरतात, तिथली हिरडी सरलेली दंतवैद्याला स्पष्ट दिसते.

तंबाखूचा डाव याहून कपटी आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत रोग असूनही हिरडीतून रक्त कमी येते. धूर निघतो म्हणून आग कळते, इथे धूरच दाबला जातो. “नस लावली की हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबते,” असे आजी सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. रक्त खरेच थांबते. रोग थांबत नाही. शिवाय मुखाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

पुण्याचे नाक आणि हिरडीचा तुकडा

सरलेली हिरडी परत आणता येते का? पेस्टने, तेलाने किंवा चूर्णाने नाही. शस्त्रक्रियेने काही वेळा येते, आणि तिच्यामागचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे.

ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्यातल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी याचे नाक शत्रूने कापले होते. विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, एका टोकाला जोडलेली ठेवून, खाली वळवली आणि नवे नाक बसवले. टोक जोडलेले ठेवल्यामुळे त्या कातडीला रक्त मिळत राहिले आणि ती जगली. ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने तसा प्रयोग १८१४ साली केला.

१९५६ साली अमेरिकेत ग्रूप आणि वॉरन यांनी हेच तत्त्व हिरडीला लावले. शेजारच्या दाताची निरोगी हिरडी सोडवायची, बुडाशी जोडलेली ठेवायची आणि बाजूला सरकवून उघड्या मुळावर टाके घालायचे. साठच्या दशकात टाळूवरचा पातळ तुकडा काढून हिरडीवर बसवण्याची पद्धत आली. १९८५ साली टाळूच्या आतल्या थरातली संयोजी ऊती वापरण्याची पद्धत रूढ होऊ लागली. त्याच वर्षी मिलर यांनी सरलेल्या हिरड्यांचे चार वर्ग पाडले. दोन दातांमधले हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा असते. ते हाड गेले असेल तर आशा कमी. २०१७ च्या जागतिक परिषदेनंतर नवे वर्गीकरण आले, तरी फटीतल्या आधाराला असलेले महत्त्व कायम आहे.

प्रत्येक सरलेल्या हिरडीला शस्त्रक्रिया लागत नाही. अनेकदा कारण थांबवणे हाच उपचार असतो. कीटण काढणे, ब्रश बदलणे, हात हलका करणे, तंबाखू सोडणे, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे. मधुमेहात हिरडीचा रोग बळावतो आणि हिरडीचा रोग मधुमेहाचे नियंत्रण अवघड करतो.

इथे एक गैरसमज दूर करू. “दात साफ केल्याने फटी पडल्या, दात हलू लागले,” असे लोक सांगतात. फटी आधीच पडलेल्या असतात, त्या कीटणाने भरलेल्या असतात. कीटण काढले की त्या दिसतात. भिंतीवरचा चिखल धुतला म्हणून तडा पडत नाही, असलेला तडा दिसतो.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग आरशाचा. मुलांनी उजेडात आपापल्या हिरड्या पाहाव्यात. रंग कसा आहे, कडा फुगलेल्या आहेत का, एखादा दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो का? नोंद स्वतःच्या वहीत करावी. वर्गापुढे कोणाचे तोंड उघडायला लावू नये.

दुसरा प्रयोग थर दाखवण्याचा. खाण्याचा रंग पाण्यात कालवून चूळ भरावी, मग साध्या पाण्याची चूळ. जिथे थर आहे तिथे रंग जास्त टिकतो. नेहमीसारखे दात घासून आल्यावर हा प्रयोग केला तर आपला ब्रश कुठे पोचत नाही ते कळते. बहुधा उत्तर मिळते, हिरडीची कड आणि फटी.

तिसरा प्रयोग झिजेचा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या जुन्या डबीचे झाकण घ्यावे. अर्ध्या भागावर ओली राखुंडी आणि अर्ध्यावर साधी पेस्ट लावून सारखेच शंभर वेळा घासावे. धुऊन उजेडात धरावे. चरे मोजायला भिंगही लागत नाही.

आणि चौथी गोष्ट प्रयोग नव्हे, पण सर्वांत महत्त्वाची. दात घासण्याबद्दल बोलताना ‘जोर लावून’ हे शब्द टाळावेत. त्याऐवजी ‘हळू, सगळीकडे, दिवसातून दोनदा’ असे सांगावे. रक्त येत असेल तर घासणे थांबवू नये, मऊ ब्रशने हळू घासावे. आठ-पंधरा दिवसांत थांबले नाही, पू आला, दात हलू लागला किंवा तोंडात न भरणारी जखम असली, तर दंतवैद्याला दाखवावे. आजी तपकीर लावते आणि रक्त येत नाही म्हणून तिच्या हिरड्या चांगल्या, असे मुलांनी मानू नये.

१९९१ साली सावंगीला महाविद्यालय निघाले तेव्हा शाळेत असलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतली काही आता “दात लांब झाले” म्हणत दवाखान्याच्या रांगेत बसलेली असतील. त्यांच्या हिरड्या सरायला सुरुवात झाली ती तिथे नव्हे, घरच्या मोरीत, रोज सकाळी, कित्येक वर्षांपूर्वी. आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या बाबतीत ती सकाळ अजून हातात आहे.